दुसऱ्या गावची साक्ष

मार्गासनी
ता. १९ नोव्हेंबर १९३३

कुंडलिक,

मायना घालत न्हाई. आशीर्वाद हाय असं समज आन फुडं वाच.

तुमच्या कोशकचेरीचा छापील कागद हितल्या शाळामास्तराला आला. मोठा मराठी कोश व्हनार हाय, गावोगावचं शब्द गोळा करून धाडा, असा. मास्तर मला म्हनला, "कोंडिबा, तुमी चार यत्ता शिकलाय, ह्यो नाद तुमीच घ्या." पाकिटावर बघितलं तर अक्षर तुझं. ग ची शेपटी अजून वाकडीच वडतोस. चार वर्सांत तुझं अक्षर बघितलं न्हवतं.

तवा म्हनलं, भाऊ पत्र घेत न्हाई तर न्हाई, कचेरी तर घेईल.

सहा शब्द धाडतो. खाचर, राब, इरलं, आन अजून तीन. शब्द कुठनं आला तेबी लिवा म्हनून छापलंय. अरं, आपलं घरानं हितं कुठनं आलं ते मला ठावं न्हाई, राब कुठनं आला ते कसं सांगू? राब जाळत्यात, त्यावर भाताचं बी टाकत्यात, माझा बा टाकायचा, त्याचा बा टाकायचा. लिवून घे.

हितं बरं हाय. बना तेरा सरून चौदाची व्हईल, लगीन ठरलंय कामथडीला, आनंदराव म्हनून पोरगा हाय. भिमी पाच वर्सांची व्हईल माघात. म्हंजी माझी सगुणा गेली त्याला पाच वर्सं. भिमी हाक काकी म्हनून मारती, पर तिला आई म्हनून ठावी हाय ती तुझी बायको. नाव इसरला असशील तर ठकुबाई.

ती बरी हाय. आन ते चार सालामागलं, दिवाळीचं, पुन्यांदा काढू नको. तिला इचारलं, ती पुन्याला यायला न्हाई म्हनली, तसं म्या तुला तवाच लिवलं. झालं.

कोंडिबा

मार्गासनी
ता. २८ जानेवारी १९३४

कुंडलिक,

उत्तर आलं. वर 'रा. रा. कोंडिबा यांसी', आन खाली 'आपला विश्वासू'. सख्ख्या भावाला आपला विश्वासू! मामलेदारसुदिक मला असं लिवत न्हाई, त्यो नुस्ता वरडतो.

सहातल्या चार चिठ्ठ्या परत. का, तर म्या पानी लिवलं, पाणी न्हाई लिवलं. अरं, लोक बोलत्यात तसंच लिवा हे तुमीच छापलंय की. आन डोईवरच्या टिंबांचं काय? मास्तर सांगत व्हता, बोलताना येत न्हाई ते टिंब द्यायचं का न्हाई ह्यावरनं पुन्यात शास्त्री लोक एकमेकांच्या घरी जेवत न्हाईत. टिंबावरनं! तुमाला खायला जास्त झालंय.

दुसरा नेम वाचला. प्रत्येक शब्दाला दोन साक्षी, दोन येगळ्या गावचं. एकाच गावात ऐकलेला शब्द कोशात घेनार न्हाई. हे मातूर मला पटलं. खरेदीखतालाबी दोन साक्षी लागत्यात.

मंग नसरापूरच्या बाजारात गेलो साक्षी हुडकायला. जलाल भेटला, भोर-पुनं सर्विस मोटार हाकतो त्यो, वळखतोस तू. मला बघून लांबनंच, "काय कोंडिबाआबा, आज किती धरले?"

म्हनलं, "काय धरलं?"

"शब्द. टोपलीत झाकून आनले असतील ना? उडून जातील."

"तुझ्या मोटारीच्या तोंडात एकच शब्द हाय, जलाल, आन त्यो घेऊन ती कापूरहोळच्या चढाला बंद पडती."

त्यो हसला. माझ्या हातातलं बघून म्हनला, "आबा, कागद ह्यो शब्द आमच्याकडचा, शाई आमच्याकडची, दौत आमच्याकडची. लिवा कोशात. पर भिऊ नका, परत मागनार न्हाई." हेबी लिवून घे. आन साक्षीला भोरचा जलाल घाल.

आता घरचं शब्द. ते ठकुबाईकडनं येत्यात. तुला ठावं हाय, ती माझ्याम्होरं येत न्हाई. थोरल्या दिराशी बोलायचं न्हाई, पदर डोळ्यांपतोर. म्या वट्यावर दौत घेऊन बसतो, ती उंबऱ्याच्या आत, मधी भिमी. म्या भिमीला इचारायचं, भिमीनं काकीला, काकीनं भिमीला, आन भिमीनं मला. भिमी मधल्या मधी चार शब्द पदरचं घालती. तवा सांभाळून घे.

एक नवा शब्द हाय. भात कांडून पाखडल्यावर सुपातनं जो कोंडा निगतो, त्याला ठकुबाई सुपवळ म्हनती. म्या दुसरीकडं ऐकला न्हवता. तिच्या म्हायेरचा असनार, पासलीकडचा. साक्ष पैली: ठकुबाई, मार्गासनी. दुसरीसाठी बनाचं लगीन व्हईपतोर थांबावं लागंल, कारन पासलीला जायला मला येळ न्हाई.

कोंडिबा

मार्गासनी
ता. ६ मे १९३४

कुंडलिक,

बनाचं लगीन पार पडलं. तुला बोलावनं धाडलं व्हतं. 'कामामुळे येणे अशक्य', आपला विश्वासू. बरं.

मांडवात ठकुबाईच आईच्या जागी व्हती. बना सासरी निघताना तिच्या गळ्यात पडली, ती सुटंना. बाकी बायका मला म्हनाल्या, धाकल्या जावंला एवढं लेकरू लावून ठिवलंय, तिचं स्वताचं कवा व्हायचं? म्या म्हनलं, पंगत बसवा, उशीर व्हतोय.

परवा कामथडीला गेलो. बना म्हशीला आंबोन कालवत व्हती. मला म्हनली, "आबा, सरा तिकडं, सुपवळ सांडंल." म्या तिथंच धोतराला हात पुसून चिठ्ठी लिवली. साक्ष दुसरी: बनाबाई, कामथडी. दोन गावं झाली. बना ठकुबाईच्याच हाताखाली वाढली हे लिवायला तुमच्या चिठ्ठीवर रकाना न्हाई, म्हनून लिवलं न्हाई. एका शब्दापायी किती काथ्याकूट करायचा.

कोंडिबा

मार्गासनी
ता. ११ ऑगस्ट १९३५

कुंडलिक,

चिठ्ठ्यांचं गठुडं जलालबरुबर धाडलं व्हतं ते तुला पावलं. टपालात फाटत्यात म्हनून.

जलालनं परत येऊन मला बाजारात गाठला. सांगत व्हता, तुझी खोली बघितली. तू स्वता च्या करून दिलास. घरात दुसरं मानूस न्हाई.

म्या म्हनलं, "मंग काय झालं? एकला मानूस च्या करनारच."

म्हनला, "झालं काय न्हाई आबा. पर चुलीजवळ बायकांचा आरसा टांगलाय, फनीची फळी बी हाय खाली. नवा कोरा. धूळ रोज पुसतोय असं दिसतंय. म्या इचारलं, वहिनी येनार का काय? तर तुमचा भाऊ म्हनला, 'च्या घ्या, गार होतोय.'"

म्या जलालला म्हनलं, तू मोटार हाक, लोकांची घरं नको हाकू.

त्यानं अजून एक सांगितलं, तू त्याला इचारलंस, घरची सगळी बरी ना? सगळी म्हनून थांबलास, आन मंग पुन्यांदा, सगळी बरी ना?

बरी हायत सगळी. औंदा पाऊस जास्त झाला, वरची दोन खाचरं वाहून गेली, ती परत बांधायला ठकुबाई माझ्यापरीस जास्त दगड वाहती. आरशाचं म्या तिला सांगितलं न्हाई.

शब्द ह्या खेपंला न्हाईत.

कोंडिबा

मार्गासनी
ता. ९ सप्टेंबर १९३६

कुंडलिक,

ठकुबाई आजारी हाय. लावनीच्या चिखलात उभी व्हती तवाच खोकत व्हती, म्या म्हनलं पावसाचा खोकला हाय, जाईल. गेला न्हाई. नसरापूरचा वैद्य आनला. त्यानं छातीला कान लावला आन भाईर येऊन माझ्याकडं न बघता हात धुतलं. क्षय म्हनला.

बनाला बोलावून घेतलीय. ती छातीला शेक देती. आतनं आवाज येतो, "बना, सुपवळाचा शेक दे गं, बरं वाटतं." बना तव्यावर तापवून फडक्यात बांधून देती.

तू ये. शब्दाचं काम न्हाई, दुसरं काय काम न्हाई. ये.

कोंडिबा

मार्गासनी
ता. ४ ऑक्टोबर १९३६

कुंडलिक,

तुझं कार्ड वाचलं. 'तिने स्वतः बोलावले असल्यास त्याच दिवशी निघतो. नसल्यास, जिने एकदा नको म्हटले तिच्या उशाशी मी बळे येऊन बसणे बरे नव्हे.'

बाईमानूस नवऱ्याला ये म्हनून सांगंल का? तुला एवढं शिकून एवढंबी कळंना?

म्या बनाला म्हनलं, काकीला इचार, त्याला बोलवायचं का. बना आत गेली, परत आली. म्हनली, "आबा, काकी म्हंती, सात वर्सांत त्यास्नी मला बोलवावंसं वाटलं न्हाई, आता मरताना मी कशाला बोलवू. त्यास्नी शहरात काम असंल."

दोघंबी सारखंच आडमुठं.

म्या तरीबी म्हंतो, ये. कुनी बोलावलं न बोलावलं हे मानापमान लग्नात बघायचं, आता न्हाई. म्या थोरला हाय, म्या बोलावतो. एवढं पुरं न्हाई का?

कोंडिबा

मार्गासनी
ता. १६ नोव्हेंबर १९३६

कुंडलिक,

छापाचा कच्चा कागद आला. वर तुझ्या हातानं लिवलेलं, 'दादा, तुझा शब्द टिकला. संपादकांनी सभेत वाचून दाखविला, असा शब्द कोणत्याही जुन्या कोशात नाही म्हणाले. चूक असल्यास आठ दिवसांत कळव.'

दादा लिवलंस. सात वर्सांनी. खोटं कशाला सांगू, म्या त्यो कागद टोपीत घालून चावडीपतोर जाऊन आलो. काम काय न्हवतं तिथं.

मंग घरी येऊन दाराशी बसलो आन मोठ्यानं वाचला. 'सुपवळ. पुल्लिंगी. मावळी. भाताचा कोंडा. संस्कृत शूर्प अधिक वलय.' म्हनलं, "बना, काकीला सांग, तिचा शब्द संस्कृत निगाला."

आत आवाज झाला. मला वाटलं ढास लागली. उठलो. तर ठकुबाई हसत व्हती. किती दिसांनी. बनाबी हसाय लागली, मंग दोघी खोकायला, मंग परत हसू. बना पदरानं डोळं पुसत भाईर आली.

"आबा, त्यो शब्दच न्हाई."

"न्हाई कसा? छापलाय."

"काकीनं केलाय त्यो. तुमच्यापायी."

"माझ्यापायी? म्या काय केलं?"

"आता कसं सांगू?" बना म्हनली. "तुमचं नाव काय हाय, आबा?"

म्या हातातला कागद परत बघितला. अर्थ, भाताचा कोंडा.

तुला ठावं हाय माझं नाव कसं पडलं. माझ्या आधी आईची दोन पोरं गेली. म्हनून मला सुईनीच्या पदरात टाकलं आन सूपभर कोंडा देऊन परत इकत घेतलं. कोंड्यावर घेतला त्यो कोंडिबा. थोरल्या दिराचं नाव सुनंनं तोंडात घ्यायचं न्हाई, नावातला शब्दबी घ्यायचा न्हाई. आन हितं भाताचं घर. रोज कांडायचं, रोज पाखडायचं, रोज म्हशीला कोंडा. ठकुबाई आल्या आल्या 'ते' म्हनायची म्हनं, 'जाऊबाई, ते म्हशीला घालू का?' सगुणा चिडवायची, 'ते म्हंजी कोन गं, तुझं दीर का म्हशीचं आंबोन?' मंग हिनं सुपवळ काढला. सुपाभवती वळ करून पडतं म्हनून. पोरी तेच ऐकून शिकल्या. बना सासरी घेऊन गेली. म्हंजी दुसऱ्या गावची साक्ष म्हनून म्या तुला धाडली ती हिचीच व्हती, कामथडीला जाऊन आलेली.

तुमच्या शास्त्र्यांस्नी हे कळनार न्हाई. पर तू तर माझा भाऊ. तिचा नवरा. चिठ्ठीवर माझं नाव, तिचं नाव, खाली अर्थ कोंडा, आन तुझ्या ध्यानात आलं न्हाई? माझ्याबी आलं न्हाई. नऊ वर्सं एका घरात ऐकतोय.

शब्द खोड. खोटा हाय.

अजून एक सांगायचं हाय. ते फुडल्या टपालाला लिवतो. तू मातूर ये.

कोंडिबा

मार्गासनी
ता. २ डिसेंबर १९३६

कुंडलिक,

ठकुबाई गेली. काल, मंगळवारी, दुपारचं. शेजारच्या खळ्यात भात झोडत व्हते. बना जवळ व्हती.

आता बस आन सगळं वाच. मधी उठू नको.

१९२९ च्या दिवाळीत तू पत्र धाडलंस. खोली घेतली हाय, पाडवा झाला की ठकुबाईला जलालच्या मोटारीत बसवून दे, म्या स्वारगेटच्या नाक्यावर उभा ऱ्हातो. ते पत्र म्या तिला वाचून दाखवलं न्हाई. ती न्हाई म्हनली, मला शहर नको म्हनली, पुन्यांदा बोलवू नका म्हनली, हे सगळं म्या लिवलं. माझ्या मनानं. तिला सांगितलं, त्याला खोली मिळंना.

कारन सांगायचं तर भिमी नऊ महिन्यांची व्हती. सगुणा जाऊन वरीस झालं न्हवतं. भिमी ठकुबाईबिगर कुनाच्या हातचं शेळीचं दूध घेत न्हवती. भात उभं व्हतं खाचरात, कापायला मानूस न्हवतं. म्या म्हनलं, एक वरीस. भिमी चालायला लागली की धाडीन. भिमी चालायला लागली तवा म्हनलं, बनाचं लगीन हुंदे. आन एकदा खोटं लिवल्यावर खरं कुठल्या तोंडानं लिवू? तू पत्रं बंद केलीस, त्यात माझी सोय झाली. हेबी खरं हाय.

तुला ठावं न्हाई, दरसाल भात झालं की ती एक गाडगं आंबेमोहर येगळं ठिवायची. पुन्याला न्यायचं म्हनून. फुडल्या सालचं भात आलं की ते जुनं आमी खायचो आन ती नवं भरायची. म्या खाल्लं ते. सात वर्सं.

आता सोळा तारखेचं ऐक. त्या दिशी म्या तुला अर्धंच लिवलं.

ती हसली ते लिवलं. त्याच्या फुडचं न्हाई लिवलं. तिचं हसू ऐकून म्हनलं, हिनं माझं नाव इटाळू नये म्हनून घरात एक शब्द नवा केला, आन म्या हिच्या नावानं काय लिवून दिलं? उंबऱ्याजवळ जाऊन उभा ऱ्हायलो. भिमी मधी न्हवती, कुनीच मधी न्हवतं. म्हनलं, "ठकुबाई, ऐक." आन सगळं सांगितलं. जसं आता तुला सांगतोय तसं. लांबवलं न्हाई.

आत हसू थांबलं. मंग ती बनाला म्हनली, "तुझ्या आबास्नी इचार, कुठल्या सालची दिवाळी?"

म्या म्हनलं, "सगुणा गेली त्या सालची."

मंग ती म्हनली, स्पष्ट, मला ऐकू यील असं, "बना, कोंड्याचा शेक दे."

बनाचा हात तव्यावर तसाच ऱ्हायला. "काकी..."

"कोंडा म्हनत्यात त्याला. कोंडा. घाल की तव्यावर."

ती दाराकडं तोंड करून पडली व्हती. पदर डोईवर न्हवता, उशाला पडला व्हता. माझ्याकडं बघत व्हती. नऊ वर्सांत म्या तिचं तोंड नीट बघितलं न्हवतं, कुंडलिक. बारकंसं हाय. कपाळावर गोंदन हाय. म्याच मान खाली घातली.

त्यानंतर तिनं सुपवळ म्हनलं न्हाई. शिवी दिली न्हाई, शाप दिला न्हाई. म्या दाराशी गेलो की पदर घेत न्हवती, एवढंच. जशी एखाद्या परक्याम्होरं, न्हाईतर एखाद्या खांबाम्होरं.

अजून ऱ्हायलंय.

म्या तिला सांगितलं, तुला न्हाई. त्याच सांजंला पत्र लिवलं आन शब्दाचंच लिवत बसलो. फुडल्या टपालाला म्हनून लिवलं ते तुला ठावं हाय. तुझं उत्तर आलं, 'शब्द काढून टाकला. चूक कळविल्याबद्दल आभारी आहे. दुसरे काय सांगावयाचे आहे ते लिहावे.' खाली परत आपला विश्वासू. म्या दोनदा दौत उघडली. दोन्ही येळंला भात, पाऊस, वैद्य असलं लिवलं आन फाडलं.

तिला वाटत व्हतं म्या खरं लिवलं. बनानं मला इचारलं, "आबा, काकास्नी लिवलं का सगळं?" म्या म्हनलं, लिवलं. बनानं तिला सांगितलं. ती रोज नसरापूरकडची गाडी यायच्या येळंला बनाला म्हनायची, "वाटंवर बघ जा." बना जायची, परत यायची. "कुनी न्हाई काकी." पंधरा दिस. शेवटी शेवटी बना न जाताच सांगायची, तरीबी ती इचारायची. तीस तारखंला म्हनली, "त्यास्नी राग हाय. म्या तवाच जायला पायजे व्हतं."

म्या वट्यावर बसून ऐकलं ते. तवाबी आत जाऊन सांगितलं न्हाई, की त्याला अजून ठावंच न्हाई म्हनून.

तू सोळाचं पत्र वाचून आला असतास का, ते मला इचारायचं न्हाई. त्यात खरं असतं तर अठराला तू हितं असतास. हे म्या जानतो. तू बी आता जानतोस.

काल बनानं तिला न्हाऊ घातलं, मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. लोक म्हनाले, नवरा यीपतोर थांबायचं का? म्या म्हनलं, त्याला खरं काय ते कळवलं न्हाई. सगळे माझ्याकडं बघाय लागले. चावडीवर, सगळ्यांम्होरं, म्या का कळवलं न्हाई ते सांगितलं. आनंदराव, बनाचा मालक, उठून गेला. बनानं मला पानी दिलं न्हाई, आन दिलं असतं तर म्या घेतलं नसतं.

अग्नी म्या दिला. त्यो तुझा व्हता. त्योबी म्या घेतला, कारन दुसरं कुनी फुडं येईना.

अस्थी सोडल्या न्हाईत. मडक्यात घालून, फडकं बांधून, खळ्यापलीकडच्या जांभळीला टांगल्यात. त्याला म्या आता हात लावत न्हाई. हे पत्र जलाल तुझ्या हातात देईल, टपालावर माझा इस्वास न्हाई, माझ्यावर तर न्हाईच. म्या उद्या भिमीला घेऊन वरच्या अंगाला धनगराच्या वाड्यावर ऱ्हायला जातो, दहाव्यापतोर. बना कामथडीला गेली. घरात कुनी नसनार. तू आलास तर माझं तोंड बघायची गरज पडनार न्हाई.

भिमी रडती, काकी कुठं म्हनून इचारती. तिला तू भेटावं असं म्या म्हनत न्हाई.

आलास तर येळ सकाळची धर, गुंजवनी नदीला तवा पानी संथ असतं. नदीत उतरताना डाव्या अंगानं उतर, उजवीकडचं दगड औंदाच्या पुरानं सुटल्यात. पाय दिला की निसटत्यात.

कोंडिबा